डावीकडची मूठभर लोकर

मित्रांनो, मी एक जुने खोगीर आहे. माझे वय एकतीस. ज्या दिवशी माझ्यावर बसणाऱ्या बाई गेल्याचे मला कळले, त्या दिवशी मी तबेल्यात नव्हतो. बाईंच्या खोलीत, खिडकीपाशी, एका लाकडी खुर्चीच्या पाठीवर बसून होतो. खोगिराला कोणी काही सांगत नाही. त्याला आपले आपणच समजून घ्यावे लागते.

दुपारची वेळ होती. दोन दिवसांपूर्वी बाईंना दवाखान्यात नेले होते. जाताना त्यांच्या पायांत घरातल्याच सपाता होत्या. त्या दुपारी दार उघडले आणि कारागीर एकटाच आत आला. कारागीर म्हणजे बाईंचा नवरा. त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून सपातांच्या टाचा बाहेर आल्या होत्या. त्याने पिशवी पलंगाखाली ठेवली. मग काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. खिडकी उघडली. उशाजवळच्या भांड्यातले पाणी बाहेरच्या झाडाला ओतले. अंथरुणाची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. मग त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "चल. आता इथं तुझं काय काम?"

त्याने मला खांद्यावर घेतले आणि अंगण ओलांडून परत तबेल्यात आणले. तिथे भिंतीला एक लाकडी घोडा आहे. त्याला मान नाही, शेपूट नाही. खोगिरे ठेवण्यापुरताच तो घोडा. त्यावर मला ठेवून तो निघून गेला. तेव्हा मला कळले.

आता तुम्ही विचाराल, खोगिराला आजाऱ्याच्या खोलीत कशासाठी नेले होते? ते सांगायचे तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

मी या कारागिराच्या हातून जन्मलो. त्याला मी एकेरीत बोलतो, आपण आईला बोलतो तसे. तेव्हा तो पंचविशीचा होता आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या दुकानात काम करत होता. माझा सांगाडा लाकडाचा. त्यावर जाड पट्टे ताणले, पट्ट्यांवर ओले चामडे ओढून बसवले आणि ते आठ दिवस सावलीत वाळू दिले. माझ्या खालच्या अंगाला दोन लांबट गाद्या आहेत, एक डावी आणि एक उजवी. त्या घोड्याच्या पाठीला दोन्हीकडून टेकतात आणि मधला कणा मोकळा राहतो. गाद्यांत लोकर भरलेली असते. लोक 'खोगीरभरती' म्हणून नाक मुरडतात. पण मित्रांनो, खोगिरात काय भरले आहे आणि किती भरले आहे, यावरच घोड्याची पाठ सुखी किंवा दुःखी होते. वरचे चामडे माणसासाठी असते. आतली लोकर घोड्यासाठी असते.

ज्या गिऱ्हाईकासाठी मला बनवले, ते कधी न्यायला आलेच नाही. वर्षभर मी फळीवर धूळ खात पडलो. येणारे जाणारे माझ्यावर टोप्या ठेवत. मला वाटले, आपला जन्म टोप्यांसाठीच झाला असावा.

मग एके दिवशी बाई आल्या. तेव्हा त्या कोणाच्या बाई नव्हत्या. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत त्या कलमे बांधण्याचे काम करत आणि सुट्टीच्या दिवशी मालकाची घोडी फिरवून आणत. त्यांनी मला खाली उतरवले, टोपी बाजूला केली, दुकानातल्या लाकडी घोड्यावर ठेवून मांड टाकली. उस्ताद म्हणाला, "वा, मापानं घेतल्यासारखं बसलंय!" कारागीर मात्र मागे उभा राहून नुसता पाहत होता. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे बाईंचा डावा खुबा थोडा खाली होता. चालताना ते दिसत नसे. बसल्या की त्या बोटभर डावीकडे कलत. त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हते.

कारागीर म्हणाला, "शनिवारी या. एक काम राहिलंय."

त्या गेल्यावर त्याने माझी डावी गादी उसवली आणि आत मूठभर जास्त लोकर सारली. उस्तादाने चष्म्यावरून पाहिले. "काय रे, पोरगी दिसली आणि हात सैल सुटला का? डावी बाजू फुगली ती. घोडा बोंब मारेल."

"तिच्याखाली नाही मारणार," कारागीर म्हणाला.

शनिवारी बाई येऊन बसल्या आणि हसल्या. "आज कसं ताठ वाटतंय. परवा मलाच काहीतरी झालं होतं."

"तुम्हाला कुठं काय झालंय?" कारागीर म्हणाला. "परवा इथली फरशीच वाकडी होती."

उस्ताद खोकल्याचे निमित्त करून आत गेला. वर्षाच्या आत त्या दोघांचे लग्न झाले.

लोकर दबते, मित्रांनो. भार पडेल तिथे ती लवकर दबते. म्हणून दर वर्षी, बाई घरात नाहीत असे पाहून, कारागीर माझी डावी गादी उसवायचा आणि मूठभर नवी लोकर भरायचा. बाई परत आल्या की म्हणायच्या, "पुन्हा त्याला घेऊन बसलात? माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त." तो म्हणायचा, "साफ करत होतो." तीस वर्षे तो हे एकच खोटे बोलला. ते खोटे आम्हा दोघांनाच माहीत होते.

पुढे त्याचे स्वतःचे दुकान झाले. घरामागे तबेला झाला, तबेल्यात तांबडी घोडी आली. मुलगी झाली, शिकली, लांबच्या शहरात गेली. बाईंचे केस पिकले. आणि बारा वर्षांपूर्वी गावात मदतीची रपेट सुरू झाली.

ही शर्यत नव्हे. जे आजारी घरीच अंथरुणाला खिळलेले असतात, त्यांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या नर्स आमच्या भागात आहेत. त्यांच्या कामाला मदत म्हणून वर्षातून एकदा तीस-चाळीस स्वार आपापल्या घोड्यांवरून तीस किलोमीटरची वाट चालतात. प्रत्येक स्वाराच्या ओळखीचे लोक त्याच्या नावाने मदत देतात. जुन्या गिरणीच्या मैदानातून निघायचे, ओढा ओलांडायचा, जंगलातून सोळा किलोमीटरवर लाकडाची वखार आहे तिथे थांबायचे. तिथे जनावरांची डॉक्टर प्रत्येक घोडा तपासते. ती हो म्हणाली तरच पुढे. पुढे चढ आहे, मग डोंगराची लांब धार, मग गवताळ उतार, आणि पुन्हा तेच मैदान.

बाई अकरा वर्षे या रपेटीला गेल्या. अकराही वेळा मी त्यांच्याखाली होतो आणि तांबडी माझ्याखाली होती. कारागीर मात्र मैदानातच राही. त्याच्याकडे घोड्यांच्या पाण्याचे काम असे. निघताना तो घोडीच्या पोटाखालचा तंग आवळून देई आणि संध्याकाळी बादली घेऊन उभा राही. रपेटीचे सगळे कामकाज एक निवृत्त पोस्टमास्तरीण पाहायची. सगळे तिला टपालबाई म्हणत. ती स्वतः एका पांढऱ्या घोड्यावर बसे आणि मैदानात शिरताना ओरडून सांगे, "बघा, बघा, ताईंची बैठक बघा! तीस किलोमीटर झाले तरी खांब रोवल्यासारख्या ताठ! नाहीतर आम्ही, पोती लादल्यासारखे!"

बाई लाजून मान खाली घालत. पण त्यांची पाठ आणखी ताठ होई, ते मला खालून कळे. कारागीर बादलीत पाहत राही.

ते माझे सुखाचे दिवस होते.

मग बाईंचे दुखणे सुरू झाले. सुरुवातीला त्या तबेल्यात येऊन मला पुसत. मग तेही जमेना. एक दिवस त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ते खोगीर इथं आणून ठेवा. तिकडं त्याला वाळवी लागेल." असा मी त्यांच्या खोलीत आलो. पडल्या पडल्या त्या हात लांब करून माझी कड चोळत बसत. तीन महिने माझ्यावर कोणी बसले नाही, पण इतका हात माझ्यावर कधीच फिरला नव्हता.

रोज सकाळी एक नर्स येई. रपेट ज्यांच्यासाठी असते, त्यांतलीच ती एक. पहिल्या दिवशी मला पाहून तिने विचारले, "तुम्हीच का त्या, ताठ बसणाऱ्या?"

"आता आडवी पडलेय म्हणून ओळखलं नसशील," बाई म्हणाल्या.

एकदा नर्स गेल्यावर बाई कारागिराला म्हणाल्या, "यंदाही मी नाव दिलंय."

"बरं केलंस."

"मी कुठली जाते आता? तुम्ही जा माझ्या जागी."

"मला कुठं येतं?"

"जन्मभर खोगिरं शिवली आणि घोड्यावर बसता येत नाही! सांगू नका कुणाला." मग त्या माझी कड चोळू लागल्या. "अकरा वर्षं तुम्ही मला निघताना पाहिलंत आणि पोचताना पाहिलंत. मधलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. वखारीच्या पुढं ती डोंगराची धार लागते ना, तिथं मला दर वर्षी वाटायचं, हे यांना दाखवायला हवं होतं."

"तू बरी हो, दोघं जाऊ."

"जाल ना पण?"

"जाईन," तो म्हणाला.

त्यानंतर पंधरा दिवसांत ती दुपार आली, जी मी तुम्हाला आधी सांगितली.

सहा आठवडे मी लाकडी घोड्यावर होतो. कारागीर सकाळी येई, तांबडीला दाणापाणी घाली, शेण काढी आणि शेजारच्या दुकानात जाऊन कामाला लागे. मधली भिंत पातळ आहे. दाभण चामड्यात शिरल्याचा आवाज मला येई. पूर्वी त्या आवाजाबरोबर बाईंशी चाललेली त्याची कुरकुर येई. आता नुसता दाभणाचा आवाज येई. जेवणाच्या वेळी तो थांबे आणि थोड्याच वेळात पुन्हा सुरू होई. त्यावरून मला कळे की तो जेवायला गेला नाही.

मुलीचा फोन येई. हात रिकामे नसत म्हणून तो फोन फळीवर ठेवून मोठ्याने लावी.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"अगं, जेवण."

"बाबा, खोटं बोलता येत नाही तुम्हाला." भिंतीपलीकडे मला हसू आले. "आणि ती घोडी देऊन टाका कुणाला तरी. खोगीर पण. तुमच्याच्यानं निभणार नाही आता."

"बघू," तो म्हणाला.

मला पुन्हा त्या टोप्या आठवल्या. पण दुसऱ्याच दिवशी टपालबाई यादी घेऊन आली. दारातच उभी राहून म्हणाली, "भावजी, ताईंचं नाव आहे यादीत. माझ्या हातून खोडवत नाही. तुम्हीच सांगा, काय करू."

"खोडू नका. तिच्या नावापुढं माझं लिहा."

"तुम्ही? येतं तुम्हाला?"

"पडायला येतं. बसायचं शिकतोय."

टपालबाई हसली आणि डोळे पुसत गेली.

त्या दिवसापासून तो रोज तांबडीवर मला चढवून गिरणीच्या मैदानात फेऱ्या मारू लागला. पाय ठेवायच्या रिकिबी त्याच्या उंचीप्रमाणे लांब केल्या. पहिल्याच दिवशी त्याला जाणवले की आपण उजवीकडे घसरतो आहोत. त्याने खाली वाकून माझ्याकडे पाहिले. त्याला कारण कळायला वेळ लागला नाही. माझी डावी बाजू बाई डावीकडे कलत म्हणून उंच केलेली होती. तो सरळ बसणारा माणूस. तिथे आता भार उलट लागत होता, आणि दबलेल्या लोकरीचा टणक गोळा तांबडीच्या पाठीत रुतत होता.

दुसऱ्या कोणाचे असे खोगीर दुरुस्तीला आले असते, तर त्याने त्या माणसाला दारातच झापले असते. मी ऐकले आहे ना त्याला! "हे घोड्यावर चढवता? आधी स्वतःच्या पाठीला बांधून हिंडा दिवसभर!" असा तो बोलायचा.

रपेटीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने मला ओट्यावर उलटे ठेवले. टोकदार आरीने डाव्या गादीचे दोन टाके उसवले. आत दोन बोटे घातली. लोकर बाहेर आली नाही, तीस वर्षांच्या भाराने तिची दाबून बनवलेल्या नमद्यासारखी वडी झाली होती. त्यात बाईंचा भार होता आणि त्याच्या हाताने भरलेली तीस मुठी लोकर होती. त्याने बोटे बाहेर काढली. मग मेण लावलेला दोरा ओवला आणि ते दोन टाके पुन्हा घातले.

"तीस किलोमीटर तर चालायचंय," तो मोठ्याने म्हणाला. दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हते, तेव्हा तो स्वतःचीच समजूत घालत होता. "खाली एक घोंगडी घालू घडी करून."

मित्रांनो, आधीच घट्ट झालेल्या बुटात जाड मोजा घातला तर काय होते, ते तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत होते. या कामात त्याच्याइतके कोणाला कळत नाही. तरी त्याने ती चूक केली, कारण त्या दिवशी तो खोगीर शिवणारा नव्हता, बायको गेलेला माणूस होता.

सकाळी आम्ही निघालो. छत्तीस घोडे होते. गार हवा होती. मैदान मागे पडले आणि जिथे बाईंची पाठ अकरा वेळा त्याच्या नजरेआड झाली होती, त्या वळणावर तो आला. तिथून पुढचे सगळे त्याला नवे होते. त्याचा घट्ट धरलेला लगाम सैल झाला. तो इकडे तिकडे पाहू लागला. ओढा आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "अगं, हा तर केवढासा आहे! तू तर नदी असल्यासारखं सांगायचीस." मला सांगावेसे वाटले की बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ओढ्याला खरेच खूप पाणी होते. पण मला कुठे बोलता येते?

त्या अडीच तासांत तो बाईंशी जितके बोलला, तितके बाई गेल्यापासून कोणाशीच बोलला नव्हता. "ही झाडं सांगितली नव्हतीस." "इथं घसरली होतीस ना?" मला बरे वाटत होते, आणि त्याच वेळी माझ्याखाली तांबडीचे कातडे शहारत होते, तेही मला कळत होते. ओढ्यानंतर ती दोनदा थांबली. दोनदा तिने मान वळवून मागे पाहिले. तो म्हणाला, "चल गं, पुढं डोंगराची धार आहे." ती चालू लागली. घोडी बिचारी चालत राहते. म्हणून तर तिच्या वतीने माणसाने पाहायचे असते.

वखार आली. करवतीचा आवाज, भुशाचा वास, लाकडांच्या थप्प्या. डॉक्टर तरुण होती, बाह्या दुमडलेली. तिने सांगितले, "काका, खोगीर उतरवा."

त्याने मला उतरवून एका ओंडक्यावर ठेवले. डॉक्टरने तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला. उजवीकडून फिरवला, घोडी शांत होती. डावीकडून फिरवला आणि तांबडी एकदम खाली दबली. तळहाताएवढी सूज होती. मधले केस झिजून कातडे लाल झाले होते.

"हे काय, काका?" डॉक्टरने मला उलटे केले आणि गाद्या दाबून पाहिल्या. "डावीकडं दगड भरलेत की काय? कुणी भरलंय हे?"

"मीच."

"तुम्ही? माझ्याकडची सगळी खोगिरं मी तुमच्याकडं पाठवते!"

टपालबाई घोडा धरून जवळच उभी होती. ती म्हणाली, "ताईंचं खोगीर आहे गं ते. अकरा वर्षं याच घोडीवर होतं, कधी ओरखडा नाही उठला."

"तिच्यासाठी भरलेलं होतं," कारागीर म्हणाला. "ती डावीकडं कलायची."

"कोण, ताई?" टपालबाईचा विश्वास बसेना. "काहीतरीच काय भावजी! त्यांच्यासारखी ताठ बैठक..."

"बसायची ताठ. खाली लोकर होती म्हणून." एवढे बोलून त्याने तोंडावर हात ठेवला. तीस वर्षे सांभाळलेली गोष्ट त्याच्या तोंडून गेली होती, आणि तीही बाईंचे कौतुक करणाऱ्या माणसासमोर. "तिला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही कुणाला सांगू नका."

टपालबाईने माझ्या डाव्या गादीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी पोस्टात होते, भावजी. दुसऱ्याचं पत्र मी कधी उघडलं नाही. पण एक सांगते. मी त्यांचं बघून ताठ बसायला शिकले, आणि माझ्या खोगिरात तर काहीच भरलेलं नाही. ते शिकलेलं काही खोटं नाही."

डॉक्टरने वहीत लिहिले. "घोडी इथंच थांबेल. गाडी बोलावते. पंधरा-वीस दिवस पाठीला काही लावायचं नाही."

इतर घोडे एकेक करून निघू लागले. टपालबाईने आपल्या पांढऱ्या घोड्याचा लगाम पुढे केला. "तुम्ही याच्यावर बसा. गरीब आहे, तुम्हाला नेईल. मी थांबते घोडीजवळ. जाऊन या तुम्ही, ताईंना शब्द दिलाय ना?"

त्याने वर जाणाऱ्या वाटेकडे पाहिले. मग तांबडीकडे पाहिले. ती एक पाय सैल सोडून, मान खाली घालून उभी होती.

"हिला मी दुखवलंय," तो म्हणाला. "आणि हिलाच इथं टाकून जाऊ? नाही. तुम्ही व्हा पुढं."

टपालबाई गेली. टापा वर वर जाऊन ऐकू येईनाशा झाल्या. वखारीतली करवत जेवणासाठी बंद झाली. आम्ही तिघे तिथे दोन तास होतो. त्याने बादली भरून आणली, फडके भिजवून तांबडीच्या पाठीवर धरले, ते गरम झाले की पुन्हा भिजवले. मध्येच त्याने तिच्या मानेला कपाळ टेकले आणि म्हणाला, "मला कळत होतं गं. कळत होतं आणि तरी केलं." पुढची वाट तिथून शंभर पावलांपर्यंत दिसते, मग एका वळणावर झाडांत शिरते. गाडी येईपर्यंत तो अधूनमधून त्या वळणाकडे पाहत होता.

त्या वाटेवरून मी अकरा वेळा गेलो आहे. चढ संपला की झाडे एकदम मागे पडतात, दोन्हीकडे खाली दरी दिसते आणि वारा समोरून येतो. बाई तिथे दर वर्षी लगाम ओढून थांबायच्या. हे सगळे मला माहीत आहे, पण ते मी त्याला सांगू शकत नाही.

गाडीत घोडीजवळ उभा राहूनच तो घरी आला.

तांबडी बरी झाली. वीस दिवस त्याने दोन्ही वेळा तिची जखम मिठाच्या पाण्याने धुतली. आता तिथे केस उगवले आहेत. पण ते तांबडे नाहीत, पांढरे आहेत. तळहाताएवढा एक पांढरा ठिपका तिच्या पाठीवर कायमचा राहील. रोज खरारा करताना कारागिराचा हात तिथे आला की थबकतो.

टपालबाई मधे येऊन गेली. म्हणाली, "वाट काही पळून जात नाही, भावजी. रपेट असू दे नाहीतर नसू दे. खोगीर तेवढं नीट करा, मी येते बरोबर. वखारीपासूनच सुरू करू."

"करतो," तो म्हणाला.

याला चार महिने झाले. रोज सकाळी तो मला तबेल्यातून दुकानात नेतो आणि ओट्यावर उलटे ठेवतो. आरी हातात घेतो. मग गिऱ्हाईक येते, किंवा येत नाही. तो मला परत लाकडी घोड्यावर आणून ठेवतो आणि दुसऱ्यांची खोगिरे पुरी करत बसतो. दिवसभर मी तिथून तांबडीकडे पाहतो आणि ती माझ्याकडे. आम्हा दोघांनाही कोणी बाहेर नेत नाही. तो दुकानात एकटा, मी इथे एकटा, आणि घोडी दाव्याला बांधलेली.

मित्रांनो, तुमच्या घरातून कोणी माणूस गेले असेल, तर त्याच्या वस्तू जपून ठेवा. पण ज्या वस्तूचे ओझे दुसऱ्या जिवाच्या पाठीवर पडते, ती त्या जिवाच्या मापाची करून घ्या. मला राग येणार नाही. माझ्यातली लोकर काढली म्हणून बाई माझ्यातून जाणार नाहीत. माझ्या चामड्यावर त्यांच्या मांडीच्या घासाने आलेली चकाकी आहे, ती कोणाला काढता येणार नाही. आणि कधी कोणत्या घोड्यावर खोगीर चढवलेत, तर आधी त्याच्या पाठीवरून दोन्हीकडे हात फिरवा. तो मान वळवून मागे पाहू लागला, तर थांबा.

तांबडी आता चालायला तयार आहे. रिकिबी कारागिराच्या मापाच्याच आहेत. माझी डावी गादी अजून उसवलेली नाही, आणि वखारीपुढची चौदा किलोमीटरची वाट त्याने अजून पाहिलेली नाही.